मिगचं कॉकपिट

मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक सोडलं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. १९६४ साली इथं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला आणि गावाला 'ओझर मिग' हे जोडनाव पडलं, ते आजही टिकून आहे. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ साली ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून गेले होते. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. एफएल, एम आणि बिस अशा तीन प्रकारांत मिळून सहाशेहून जास्त मिग-२१ या जुळणीतून बाहेर पडली. हवाई दलात हे विमान पहिल्यांदा आलं १९६३ साली, चंडीगडला. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच त्याला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं एकाच जातीचं विमान. एवढ्या काळात आजोबांनी पाहिलेलं विमान नातवानंही पाहिलं.

म्हणून महाराष्ट्रात बसून कुणी पहिल्यांदाच लढाऊ विमानाचं मॉडेल करायला घेत असेल, तर मी त्याला मिग-२१ घ्यायला सांगतो. इंग्रजांचं स्पिटफायर देखणं खरं, पण मिग आपल्या घरचं. किट कुठलंही घ्या, पण शक्यतो १/४८ मापाचं घ्या. मिग-२१ च्या पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये जेमतेम १५ सेंटीमीटर आणि १/७२ मध्ये १० सेंटीमीटर. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीची १/४८ मापाची किटं या विमानासाठी चांगली मानली जातात. प्रकार निवडताना एम किंवा बिस निवडावा, कारण या प्रकरणात ज्या रंगाबद्दल बोलायचं आहे तो या विमानांच्या कॉकपिटमध्ये ठासून भरलेला आहे.

मॉडेल करताना कॉकपिट आधी करावं लागतं, याचं कारण साधं आहे. विमानाचं धड डाव्या-उजव्या दोन अर्धुकांत येतं. कॉकपिटचा डबा त्या दोघांच्या मधे बसवून मग धड चिकटवायचं. एकदा चिकटवलं की आत ब्रश जात नाही. त्यामुळे बाहेरच्या रंगाला, पंखांना, चाकांना हात लागण्याआधीच सगळ्यात बारीक काम समोर येऊन उभं राहतं. नवशिक्याला हे अवघड वाटतं आणि बरेच जण इथंच खोका बंद करून कपाटावर ठेवून देतात. तसं करायचं कारण नाही. कॉकपिट बारीक असतं, पण त्यात काय दाखवायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवलं की अर्धं काम होतं.

आता रंग. मिगच्या कॉकपिटचा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. साडीच्या दुकानात 'रामा' आणि 'फिरोजी' अशा दोन साड्या शेजारी उलगडल्या, तर त्यांच्या मधे कुठेतरी तो बसेल. वैमानिकाच्या डोळ्यांना शांत वाटावं, लांबच्या उड्डाणात थकवा येऊ नये म्हणून रशियनांनी हा रंग निवडला, असं सांगतात. इतर देशांनी वेगळे हिशेब केले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची कॉकपिटं करड्या हिरव्या रंगाची असत; जर्मनांनी युद्धाच्या मधल्या काळात जवळजवळ काळा वाटेल असा गडद करडा घेतला, म्हणजे काचेवर आतलं प्रतिबिंब कमी पडतं. अमेरिकी विमानांतल्या हिरव्याचं मूळ झिंक क्रोमेटमध्ये आहे. ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून लावायचा तो पिवळट अस्तराचा रंग. त्यात काळा मिसळला की हिरवट छटा येते. म्हणजे तिथं सौंदर्यशास्त्र वगैरे काही नव्हतं, गंज होता.

मॉडेलचे रंग विकणाऱ्या कंपन्या 'रशियन कॉकपिट' म्हणून तयार बाटल्या विकतात. दोन कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर एक हिरवी दिसते, एक निळी. यात कोण बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खऱ्या विमानातही बासष्ट वर्षांत ऊन लागलं, दुरुस्ती झाली, पुन्हा रंग लागला. त्यातून वाशीमसारख्या ठिकाणी या बाटल्या मागवायच्या म्हणजे आठवडाभर वाट बघायची. आणि लॅकर जातीचे रंग ज्वालाग्राही असल्यामुळे ते विमानानं पाठवायला कुरिअरवाले तयारही नसतात.

मग कॅम्लिनकडे वळावं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेला हा धंदा; आज त्याचे ॲक्रिलिक रंग कारंज्यातल्या किंवा रिसोडच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. या रंगांबद्दल मॉडेलवाले नाक मुरडतात आणि त्यात तथ्यही आहे. चित्रकाराच्या कॅनव्हासासाठी बनवलेला रंग घट्ट असतो, त्यातले कण जाड असतात, आणि एअरब्रशमध्ये घातला की नोझल तुंबतं. पण कॉकपिटचा डबा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो. तेवढ्याला एअरब्रश हवाच असं नाही. आधी अस्तर म्हणून प्रायमरचा एक पातळ हात द्यायचा. मग टर्क्वॉइज किंवा थॅलो निळा, थॅलो हिरवा आणि भरपूर पांढरा यांचं मिश्रण करून, पाण्यानं दुधाइतकं पातळ करून तीन-चार हात द्यायचे. पहिल्या हातानंतर खालचं प्लॅस्टिक दिसत राहील, दिसू द्यावं. घाई करून जाड थर दिला की त्याच्याखाली बटणं आणि स्विच बुडून जातात.

जाडीचा हा मुद्दा आकड्यांत पाहावा म्हणजे पटतो. ब्रशनं दिलेला रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, तर १/४८ मापात तो खऱ्या विमानावर ४.८ मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा होतो. ओझरच्या कारखान्यात असा रंग कुणी मारला असता तर फोरमननं खरवडून काढायला लावला असता.

मिश्रणात पांढरा जरा जास्तच घालावा. छोट्या वस्तूवर रंग गडद दिसतो. पंधरा सेंटीमीटर पंखांच्या विमानाला खऱ्या विमानाचा तंतोतंत रंग लावला तर तो काळवंडल्यासारखा वाटतो. त्यातून कॉकपिट म्हणजे खोल कोपरा, वरून काच, आत अंधार. वाटीत योग्य वाटलेली छटा आत बसल्यावर एक पायरी उतरते. म्हणून वाटीत ती जरा फिकी, जरा भडकच वाटली पाहिजे.

वाशीमकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो; एअरब्रशनं मारला तर प्लॅस्टिकला लागायच्या आतच हवेत वाळतो आणि पृष्ठभागावर भुकटी बसल्यासारखा खरखरीत होतो. त्यावर उपाय मेडिकलमध्ये मिळतो: ग्लिसरीन. दातकोरणीच्या टोकावर येईल एवढंच रंगात घालायचं, रंग सावकाश वाळतो. जास्त पडलं तर तो चिकटच राहतो. पहाटेची वेळ त्याहून चांगली. हवा गार असते, वीजही बहुधा असते. पावसाळ्यात उलटा त्रास. लॅकर वापरलाच तर दमट हवेनं त्यावर पांढरट झाक येते. सोयाबीनच्या काढणीचे दिवस तर सोडूनच द्यावेत. मळणीयंत्रं सुरू झाली की भुसा हवेत तरंगत गावभर फिरतो आणि ओल्या रंगावर नेमका येऊन बसतो. या जिल्ह्यात रंगकामाचे चांगले महिने म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. बोअरचं पाणी रंग पातळ करायला चालतं, पण डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, भिजवायला वापरू नये. क्षार राहतात आणि वाळल्यावर पांढरे डाग पडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावं. एक कॅन अख्ख्या विमानाला पुरून उरतो.

आता घड्याळं. मिगच्या समोरच्या फळीवर जी गोल उपकरणं दाटीनं बसवलेली आहेत त्यांचा नेहमीचा व्यास साधारण ८ सेंटीमीटर. १/४८ मध्ये त्याचे १.७ मिलिमीटर होतात, १/७२ मध्ये १.१. राईचा दाणाही तेवढाच. या दीड मिलिमीटरात काटा, आकडे आणि खुणा हातानं रंगवायच्या म्हणजे दमछाक आहे, आणि एका अंतरानंतर निरर्थकही. किटमध्ये या घड्याळांचं छापील डेकल मिळतं. फळीवर उंचसखल खोबण्या असतात. डेकल त्यावर ठेवून डेकल मऊ करणारं द्रावण ब्रशनं लावलं की ते खोबणीत खाली बसतं. घाई केली तर सुरकुतत राहतं, पण थांबलं की वाळताना आपोआप ताणलं जातं. एडुआर्डसारख्या कंपन्या पितळी पत्र्यावर रंग छापलेल्या पातळ फळ्या विकतात. रशियातल्या क्विंटा स्टुडिओनं तर उठावदार, त्रिमितीय छापील डेकलंच आणली आहेत, ती चिकटवली की स्विच बोटाला लागतात. सुंदर दिसतात. पण त्या एका पाकिटाची किंमत कधी कधी किटच्या जवळ जाते, आणि माझ्या मते पहिल्या विमानाला त्यांची गरज नाही.

तीच गोष्ट साध्या हातानं कशी साधते ते पाहा. आख्खी फळी फिरोजी रंगवून वाळू द्या. मग खोबणीतल्या गोलांना काळा, पण शुद्ध काळा नव्हे, गडद करडा. शुद्ध काळा छोट्या मापात छिद्रासारखा दिसतो. त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा काढायच्या नाहीत. ब्रश पांढऱ्यात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा पुसायचा आणि उठावावरून फक्त फिरवायचा. रंग उंच भागालाच लागतो. काटे आणि आकडे आपोआप उमटल्याचा भास होतो. शेवटी प्रत्येक गोलात चमकदार वार्निशचा एक थेंब, इन्सुलिनच्या सुईच्या टोकानं सोडलेला. वाळला की तो काचेसारखा दिसतो आणि दिव्याखाली एकेक घड्याळ वेगळं चमकतं. फेविकॉलचा थेंबही चालतो, फक्त तो वाळून पारदर्शक व्हायला वेळ लागतो.

फळीच्या वरच्या भागात रडारचा पडदा आहे आणि त्याच्यावर रबराचा काळा टोप. उन्हात पडदा दिसावा म्हणून वैमानिक त्या टोपात डोळे घालतो. हा टोप मॅट काळा ठेवा. चमक चुकूनही नको. त्याच्या वर नेम धरायच्या यंत्राची काच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटाचा तुकडा कापून बसवला आणि कडेला हिरव्या मार्करची रेघ ओढली की काच जाड असल्यासारखी वाटते.

आणि एक खूण विसरायची नाही, कारण ती मिगची ओळख आहे. फळीच्या मध्यावरून खालपर्यंत एक पांढरी उभी रेघ रंगवलेली असते. विमान गरगर फिरत खाली कोसळायला लागलं, म्हणजे स्पिनमध्ये गेलं, तर वैमानिकाला दिशा, वर-खाली काही कळेनासं होतं. अशा वेळी त्यानं विमान चालवायची दांडी त्या पांढऱ्या रेघेच्या सरळ रेषेत धरायची. ती मधोमध आली याची खात्री डोळ्यांना तिथून मिळते. ज्या घड्याळांवर छापणाऱ्यांनी एवढी मेहनत घेतलेली असते ती दुरून ठिपके दिसतात. ही रेघ मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. ती सरळ आली पाहिजे. हातानं ओढू नका. पांढऱ्या डेकलची पट्टी ब्लेडनं कापून लावा, किंवा आधी पांढरा मारून त्यावर अर्धा मिलिमीटरची मास्किंग टेप लावून मग फिरोजी मारा.

इथून पुढचं काम झिजेचं आणि मळाचं, आणि माझं सगळ्यात मोठं भांडण इथंच आहे. हल्ली मॉडेल म्हटलं की रंग उडालेला, चंदेरी खरचटलेला, तेल सांडलेला दाखवायची हौस आली आहे. काही कॉकपिटं तर वीस वर्षं शेतात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डासारखी दिसतात. भारतीय हवाई दलाचा तंत्रज्ञ असं कॉकपिट उड्डाणाला देणार नाही. नागपूरला हवाई दलाच्या देखभाल विभागाचं, म्हणजे मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. आपल्या विमानांची मोठी दुरुस्ती करणारे डेपो त्याच्या हाताखाली येतात. सुटा स्क्रू, एक वॉशर, एक गवताची काडी आत राहिली तर ती दांडीच्या सांध्यात अडकू शकते, म्हणून उड्डाणाआधी कॉकपिट तपासलं जातं. त्यामुळे घाण दाखवायची असेल तर जरूर दाखवा, पण ती माणसाच्या मागून आलेली असावी.

म्हणजे कशी? वैमानिक कसा बसतो ते डोळ्यांसमोर आणा. एम आणि बिसचं छत उजव्या बाजूच्या बिजागरीवर उघडतं, म्हणून शिडी लागते डाव्या बाजूला. तो डाव्या काठावरून पाय आत टाकतो. तेव्हा डाव्या कठड्याचा रंग झिजणार, उजव्याचा फारसा नाही. जमिनीवर टाचा टेकतात तिथं, पेडलांच्या अलीकडे दोन जागा झिजणार. डाव्या हाताला थ्रॉटल, तो दिवसभर हातात. त्याची मूठ घासून गुळगुळीत होणार. खुर्चीच्या कडेला पट्ट्यांचे बकल आपटणार. मागची भिंत, जिथं माणसाचा हात जातच नाही, ती जवळजवळ कोरी राहणार. एवढ्या चार-पाच जागी, चंदेरी पेन्सिलीच्या टोकानं, अगदी हलके ठिपके. तेवढ्यानं पाहणाऱ्याला आत कुणीतरी बसत असे हे जाणवतं.

मळासाठी वॉश. तेलरंगाचा गडद तपकिरी पांढऱ्या स्पिरिटमध्ये चहासारखा पातळ करून कोपऱ्यात सोडायचा. तो आपसूक खाचांत धावतो. त्याआधी ॲक्रिलिकवर चमकदार वार्निशचा हात हवाच, नाहीतर वॉश मॅट रंगात शोषला जाऊन डाग पडतात. फिरोजीवर काळा वॉश देऊ नका, रंग घाणेरडा होतो. तपकिरीत थोडा निळा मिसळला तर सावली सावलीसारखी दिसते. सगळं वाळल्यावर शेवटी मॅट वार्निश, फक्त घड्याळांचे थेंब सोडून.

खुर्ची वेगळी काढून रंगवावी. मिगच्या या प्रकारांत केएम-१ ही इजेक्शन खुर्ची आहे: गडद सांगाडा, डोक्यामागे काळी उशी आणि मांड्यांच्या मधे लाल मुठी. लाल हा रंग आख्ख्या कॉकपिटमध्ये फारच थोड्या जागी आहे. म्हणून त्या मुठींवर तो चकचकीत लागला पाहिजे. पट्ट्यांसाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद दुहेरी करून, एक मिलिमीटरहून किंचित अरुंद पट्ट्या कापाव्या. खरा पट्टा साधारण साडेचार सेंटीमीटर रुंद धरला, तर १/४८ ला हेच माप येतं. कागदाची जाडीही जवळपास जमते. तो हवा तसा वाकतो, खुर्चीवरून सैल लोंबू शकतो. प्लॅस्टिकचे साचेबंद पट्टे कधीच असे पडत नाहीत. जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची तार बाजूच्या नळ्यांसाठी चालते. चिकटवायच्या आधी तार काचेच्या पट्टीखाली घासून सरळ करून घ्यावी.

धड बंद करण्याआधी एक कोरडी जुळणी करा, म्हणजे गोंद न लावता सगळं बसवून पाहा. रंगाच्या थरांनी डबा रुंद होतो आणि दोन्ही अर्धुकं मिटत नाहीत. कॉकपिटच्या बाहेरच्या भिंती, ज्या कुणाला दिसणारच नाहीत, तिथला रंग घासून काढला की प्रश्न मिटतो. नाकात वजन घालायचं राहिलं तर विमान शेपटीवर बसतं, म्हणून मासेमारीची शिशाची गोळी पुढच्या शंकूत आताच चिकटवून टाका.

काच बसवताना फेवीक्विकसारखा झटपट गोंद वापरू नका. त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लॅस्टिकवर आतून पांढरं धुकं चढतं आणि सगळं केलेलं काम त्याच्यामागे लपतं. फेविकॉल पुरेसा आहे. छत उघडं ठेवायचं की मिटायचं, हा आवडीचा प्रश्न. मी उघडंच ठेवायला सांगेन, उजवीकडे कललेलं. फोटोही धड बंद करण्याआधीच काढून घ्या, चारही बाजूंनी, खिडकीच्या उजेडात. कडेच्या भिंतींवरचे स्विच आणि जमिनीवरच्या त्या दोन झिजलेल्या जागा यापुढे कुणाला दिसणार नाहीत.